वऱ्हाड, वार्षिक, बुद्धिबळ: छपाईत मोडणारी अक्षरं कशी सांभाळावीत

लग्नसराईत नागपुरात जितक्या पत्रिका छापल्या जातात, तितक्या वेळा 'वऱ्हाड' हा शब्द छापखान्याच्या संगणकातून जातो. आणि तो हमखास मोडतो. कुठे ह च्या डोक्यावर रफार चढून 'वर्हाड' होतं, कुठे र आणि ह सुटे पडून मध्ये पाय मोडल्याची तिरकी रेघ लटकते, कुठे र च्या जागी कोरा चौकोन येतो. ऑपरेटरला विचारलं तर तिन्ही वेळा उत्तर एकच: "फॉन्टच खराब आहे, दुसरा टाकून पाहू." मग दुसरा टंक टाकला जातो, तिसरा टाकला जातो, आणि शेवटी कुणीतरी अर्धा र वेगळा काढून हातानं त्या जागी सरकवतो. कागदावर निभावतं. फाईलमधला मजकूर मात्र कायमचा बिघडतो.

हा लेख पत्रिका, फलक, अहवाल, स्मरणिका किंवा गृहनिर्माण संस्थेची नोटीस छापून घेणाऱ्यांसाठी आहे. तसाच तो धंतोली, महाल, इतवारीतल्या छोट्या छापखान्यांत डीटीपी करणाऱ्यांसाठीही आहे. सांगायचं एवढंच की अक्षर मोडण्याची कारणं वेगवेगळी असतात, ती डोळ्यांनी ओळखता येतात, आणि कारण ओळखल्याशिवाय केलेली दुरुस्ती पुढच्या कामाची माती करते.

आधी लक्षणं. कोरा चौकोन दिसला, तर त्या टंकात ते अक्षरच नाही. इथे टंक बदलणं हाच इलाज. वेलांटी किंवा मात्रा टिंबाटिंबांच्या वर्तुळावर बसलेली दिसली, तर टंकाचा काहीही दोष नाही. मजकुरातच अक्षरांचा क्रम चुकलेला आहे. हे वर्तुळ म्हणजे संगणकानं 'ही मात्रा कुणाची ते कळत नाही' म्हणून केलेली तक्रार असते. शंभर टंक बदला, वर्तुळ जाणार नाही. तिसरं लक्षण असं: वर्तुळ नाही, चौकोन नाही, पण पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली आहे, जोडाक्षरं सुटी झाली आहेत, रफार चढलेलाच नाही. इथे मजकूर ठीक असतो, टंकही ठीक असतो. तुम्ही वापरता ते सॉफ्टवेअर भारतीय लिप्या जुळवत नाही. इलाज सेटिंगमध्ये किंवा सॉफ्टवेअर बदलण्यात आहे. आणि चौथं, जे दुखणंच नाही: जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसतं, पण बाकी सगळं जागेवर आहे. त्या टंकाच्या रचनाकारानं ते जोडाक्षर काढलेलं नाही, एवढंच.

या लक्षणांचा उलगडा व्हायला 'विदर्भ' हा शब्द पुरेसा आहे. जुन्या पद्धतीच्या क्रुतिदेव टंकात तो लिहायला सहा कळा लागतात: एफ, ओ, एन, मोठा एच, के आणि मोठा झेड. म्हणजे आधी वेलांटी, मग व, मग द, मग अर्धा भ, मग भ ची उभी दांडी, आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोड या आजच्या संकेतप्रणालीतही सहाच संकेत साठवले जातात, पण ते असे: व, वेलांटी, द, र, हलन्त (पाय मोडण्याची खूण), भ. क्रुतिदेवनं डोळ्याला दिसतं त्या क्रमानं चित्राचे तुकडे मांडले. युनिकोडनं तोंडानं बोलतो तो क्रम साठवला. 'वि' म्हणताना व आधी उच्चारला जातो, वेलांटी नंतर. 'दर्भ' म्हणताना र आधी येतो, भ नंतर. वेलांटी उचलून व च्या डावीकडे नेणं आणि र चा रफार करून भ च्या डोक्यावर ठेवणं हे काम छापताना किंवा पडद्यावर दाखवताना सॉफ्टवेअर करतं, टंकात दिलेल्या सूचना वाचून.

क्रुतिदेवचा क्रम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. खिळ्यांच्या काळात जुळारी वेलांटीचा खिळा अक्षराच्या आधीच लावायचा. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यापासून गावोगावच्या ट्रेडल यंत्रांपर्यंत हीच रीत. रेमिंग्टनच्या टाइपरायटरनं तीच उचलली आणि त्या कळपाटावरून ती संगणकाच्या जुन्या टंकांत आली. दुसरी वाट वेगळी होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट' तंत्र, त्यातून आलेली इस्की ही संकेतप्रणाली आणि इनस्क्रिप्ट कळपाट यांनी उच्चाराचा क्रम धरला. इस्कीचं भारतीय मानक १९९१ साली निघालं, आणि युनिकोडनं आपली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. म्हणून आजही विदर्भातल्या अनेक कार्यालयांत आणि छापखान्यांत दोन पिढ्यांचा मजकूर शेजारी शेजारी नांदतो: जुना दृश्यक्रमातला, नवा उच्चारक्रमातला. बहुतेक अपघात या दोघांच्या सीमेवर होतात.

तो अपघात एकदा जवळून पाहा. 'आर्थिक' घ्या. क्रुतिदेवमध्ये आ च्या पुढे वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडमध्ये आ च्या पुढे र, हलन्त, थ, वेलांटी, मग क. मधले तुकडे आरशात पाहावेत तसे उलटे झाले आहेत. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला वेलांटी थ वरून उजवीकडे न्यायची असते आणि रफार थ वरून डावीकडे. अर्धवट सॉफ्टवेअर वेलांटी नीट नेतं आणि रफार तिथेच विसरतं. मग तो रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि 'आथिर्क' जन्माला येतं. जुन्या मराठी संकेतस्थळांवर 'आथिर्क', 'वाषिर्क', 'धामिर्क', 'मामिर्क' असे शब्द ढिगानं सापडतात ते याचमुळे. कुणा उपसंपादकाची ती अशुद्धलेखनाची सवय नव्हे. तसंच 'परिस्थिती'. वेलांटीला स् आणि थ या दोघांनाही ओलांडायचं असतं. ती फक्त स् ओलांडून थांबली की 'परिस्िथती' होतं आणि वर्तुळ उमटतं.

तुमच्याकडे जुन्या टंकातला अहवाल असेल आणि तो युनिकोडमध्ये आणायचा असेल, तर रूपांतर झाल्यावर सगळा मजकूर डोळ्यांखालून घालायला बसू नका, निदान लगेच नाही. आधी शोधा-बदलाच्या खिडकीत अशा जोड्या शोधा ज्या मराठीत कधीच येऊ शकत नाहीत. हलन्ताच्या लगेच पुढे वेलांटी किंवा कोणतीही मात्रा. अनुस्वाराच्या पुढे मात्रा: 'हिंगणा' मध्ये ह, वेलांटी, अनुस्वार हा क्रम हवा, अनुस्वार आधी आणि वेलांटी नंतर असेल तर ते चूक. मोकळ्या जागेच्या लगेच पुढे मात्रा. एकाच अक्षराला लागोपाठ दोन मात्रा. यापैकी जे काही सापडेल ते शंभर टक्के बिघाड आहे, बिनधास्त दुरुस्त करा.

'िर्' ही जोडी मात्र सरसकट बदलू नका. 'आथिर्क' मध्ये ती चूक आहे, पण 'निर्णय', 'शिर्डी', 'किर्लोस्कर' मध्ये ती बरोबर आहे. हुशारी करून एकाच फटक्यात सगळीकडे बदल केला, तर ठरावांच्या वहीतला प्रत्येक 'निर्णय' मोडेल. हे शब्द एकेक पाहूनच सोडवावे लागतात. 'र्षिक', 'र्थिक', 'र्मिक', 'र्तिक' या शेवटांची यादी करून त्यांचे बिघडलेले अवतार शोधले, की बरंचसं काम उरकतं. राहिलेलं मुद्रितशोधकानं पाहावं.

ज्यांची बोटं तीस वर्षं रेमिंग्टनवर बसलेली आहेत, त्यांना इनस्क्रिप्ट शिका असं सांगणं सोपं आहे, त्यांच्या गळी उतरवणं अवघड. त्यांच्यासाठी युनिकोडमध्ये लिहिणारे रेमिंग्टन कळपाट मिळतात. त्यात 'रेमिंग्टन गेल' नावाचा पर्याय प्रचलित आहे. वेलांटी नेहमीसारखी आधी दाबायची, अदलाबदल कळपाट करतो. नवीन शिकणाऱ्यानं मात्र इनस्क्रिप्टच धरावा. त्यात कळा दाबण्याचा क्रम आणि साठवण्याचा क्रम एकच असल्यानं, काही चुकलं तर कुठे चुकलं ते बोटांनाच कळतं.

आता 'वऱ्हाड'. मराठीत र पुढच्या व्यंजनाला दोन तऱ्हांनी जोडला जातो, डोक्यावरचा रफार होऊन किंवा आडवा अर्धा र होऊन, आणि फरक नुसता दिसण्याचा नाही. 'आचार्यांना' नमस्कार करायचा असतो, 'आचाऱ्यांना' जेवणाचा आगाऊ पैसा द्यायचा असतो. हिंदी आणि संस्कृतच्या छपाईला हा आडवा अर्धा र लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी बेतलेल्या टंकांत आणि कळपाटांत तो आडबाजूला पडतो किंवा नसतोच. युनिकोडमध्ये तो मिळवायच्या दोन वाटा आहेत. एक, टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरी, साधा र, मग हलन्त, मग न दिसणारा जोडसंकेत, ज्याला तंत्रातली माणसं झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

पहिली वाट धरा. अदृश्य संकेत हा फार भरवशाचा नसतो. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मजकूर चिकटवताना, अर्जाच्या रकान्यात भरताना किंवा 'अनावश्यक चिन्हं काढा' अशी सोय वापरताना तो गळून जातो, आणि मागे उरतो साधा र, हलन्त, ह. म्हणजेच 'वर्हाड'. पत्रिकेवरच्या त्या नेहमीच्या चुकीचा मोठा वाटा या गळतीचा आहे. ऱ मात्र खरंखुरं अक्षर आहे, ते गळत नाही. इनस्क्रिप्टवर ते र च्याच कळीवर, शिफ्ट धरून, मिळतं. म्हणजे 'वऱ्हाड' ला व, शिफ्टसह र, हलन्त, ह, काना, ड. एकाच स्मरणिकेत चार जणांनी मजकूर दिला असेल, तर छपाईआधी सगळीकडे एकच पद्धत करून घ्या. नाहीतर संगणकावर 'बिऱ्हाड' शोधाल तेव्हा अर्धीच बिऱ्हाडं सापडतील.

हीच दुहेरी गोष्ट आणखी दोन ठिकाणी चोरपावलांनी येते. 'ॲड.' आणि 'ॲग्रो' मधला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधीचा मजकूर अ ला वेगळा चंद्र लावून लिहिलेला असतो, कधी मध्ये तोच अदृश्य संकेत घालून. दिसायला एकच, शोधायला तीन. दुसरा शब्द 'काँग्रेस'. का ला चंद्रबिंदू दिला काय किंवा कॉ ला अनुस्वार दिला काय, डोळ्याला फरक कळत नाही. नागपूरच्या १९२० च्या अधिवेशनावर कुणी प्रबंध लिहीत असेल आणि संदर्भ संगणकात शोधत असेल, तर दोन्ही रूपं टाकून शोधावं. वकिलांच्या संघटनेची सभासद यादी अकारविल्हे लावताना निम्मे 'ॲड.' एका टोकाला आणि निम्मे दुसऱ्या टोकाला गेले, तर त्याचंही कारण हेच.

जोडाक्षरांकडे वळू. नागपूरच्याच दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरात 'बुद्धिबळ' हा शब्द फलकांवर लावायची वेळ अनेकांवर आली असेल. हा शब्द परीक्षेसाठी उत्तम आहे, कारण वेलांटी आणि जोडाक्षर दोघांची गाठ त्यात एकाच ठिकाणी पडते. ज्या टंकात द्ध चं जोडाक्षर काढलेलं आहे, त्यात वेलांटी त्या सबंध जोडाक्षराच्या डावीकडे बसते. ज्या टंकात ते नाही, त्यात द चा पाय मोडलेला दिसतो आणि वेलांटी द् व ध यांच्या मधोमध, ध ला खेटून येते. पाहणाऱ्याला वाटतं वेलांटी घसरली. घसरलेली नाही, पाय मोडलेलं अक्षर दिसत असेल तर वेलांटी त्याच्या पुढच्या अक्षराला लागते, हा नियम सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घातलेला आहे, आणि हिंदीच्या शासकीय प्रमाणलेखनातही तसाच सांगितलेला आहे.

मराठी डोळ्याला मात्र ते रुचत नाही, आणि माझ्या मते रुचू नयेही. इलाज हा की द्ध, द्य, द्व, ह्म, ष्ट्र, ट्ट ही जोडाक्षरं असलेला टंक निवडा. नागपूरकरांना ही सगळी रोज लागतात: राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ, ब्रह्मपुरी, गिट्टीखदान, सिद्धार्थनगर. जोडाक्षर मिळत नाही म्हणून वेलांटी पुसून द्‌ च्या आधी नव्यानं टंकणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. त्या टंकात ते कदाचित बरं दिसेल. दुसऱ्या कुणी फाईल उघडली की वर्तुळ हजर.

टंक विकत घेण्याची किंवा चोरण्याची गरज आता नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, गूगलचे नोटो, मुंबईच्या आयआयटीत झालेला शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे सगळे फुकट आणि युनिकोडमधले आहेत. मोठ्या अक्षरांच्या फलकाला बलू शोभतो, दाट मजकुराला मुक्ता, आणि जिथे जुन्या वळणाची भरगच्च जोडाक्षरं हवीत, संस्कृत श्लोक छापायचे आहेत, तिथे शोभिका. लग्नपत्रिकेला बलू वापरू नये असं मला वाटतं, पण लोक वापरतात.

ल आणि श यांचं एक वेगळंच प्रकरण आहे. मराठी वळणाचे ल व श आणि हिंदी वळणाचे ल व श यांचे युनिकोड संकेत वेगळे नाहीत. संकेत एकच, चित्र दोन. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी कोणतं वळण प्रमाण ते ठरवून दिलं आहे. अनेक चांगल्या टंकांत दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण तेव्हाच बाहेर येतं जेव्हा मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलेलं असतं. सांगितलं नाही तर ते हिंदी धरून चालतं. वर्डमध्ये किंवा लिबर ऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा. इनडिझाइनमध्ये अक्षरांच्या पॅनलमधला भाषेचा रकाना पाहा. संकेतस्थळ असेल तर पानाच्या भाषेची खूण 'एमआर' द्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे आपल्याकडचे कितीतरी फलक हिंदी वळणाचे दिसतात.

सॉफ्टवेअरकडे येऊ, कारण तिसऱ्या लक्षणाचं मूळ तिथे आहे. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि त्यात युनिकोड मजकूर नीट बसवण्याचा कोणताही उपाय नाही. कोरल ड्रॉ च्या एक्स-सिक्सच्या आधीच्या आवृत्त्यांचीही जवळपास तीच गत. तुमचा छापखाना यावरच चालत असेल, तर ऑपरेटरशी वाद घालू नका. मजकूर लिबर ऑफिसमध्ये लावा किंवा रचना इंकस्केपमध्ये करा. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही अक्षरजुळणीसाठी हार्फबझ नावाचं यंत्र वापरतात, जे मराठी व्यवस्थित जुळवतं. लिबर ऑफिसनं ते २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे लावलं. तिथून अक्षरं 'कर्व्ह' करून, म्हणजे मजकुराचं चित्र करून, पीडीएफ द्या. कर्व्ह झालेलं 'वऱ्हाड' कोणत्याही संगणकावर मोडू शकत नाही.

अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, पण लपलेली आहे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनलचा मेनू उघडा आणि 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडा. साधा कंपोजर ठेवलात तर वेलांट्या विखुरणारच. फोटोशॉपमध्ये पसंतीच्या खिडकीत 'टाइप' मध्ये जाऊन जुन्या आवृत्तीत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' आणि नव्यात 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय लावायचा, मग नवीन फाईल उघडायची. आधीच टाकलेल्या मजकुरावर हा बदल आपोआप लागू होईलच असं नाही; तो मजकूर निवडून परिच्छेदाच्या मेनूतून पुन्हा सांगावा लागतो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते 'फोटोशॉपमध्ये मराठी चालत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

छापखान्यात काम देताना तीन गोष्टी सोबत असू द्या: युनिकोडमधला साधा मजकूर, वापरलेल्या टंकाची फाईल, आणि तुमच्या संगणकावर बरोबर दिसणारं पीडीएफ. ऑपरेटरनं मांडणी बदलली तर पीडीएफशी ताडून पाहता येतं. काम नक्की होण्याआधी एक चाचणीची ओळ छापून मागा. त्यात वऱ्हाड, आर्वी, वार्षिक, परिस्थिती, बुद्धिबळ, राष्ट्रसंत, सीताबर्डी, ब्रह्मपुरी, विश्वेश्वरय्या, हिंगणा, ॲड., काँग्रेस हे शब्द असले की अडचणीची जवळजवळ प्रत्येक जागा तपासली जाते. फ्लेक्सच्या माणसाला ही ओळ आधी दाखवा. ती नीट आली तर तुमचं नावही नीट येईल. आणि पीडीएफमधून मजकूर उचलून पुन्हा वापरायचं टाळा. पीडीएफमध्ये बहुधा चित्रांचा क्रम साठलेला असतो, त्यामुळे छापील पान निर्दोष असूनही त्यातून कॉपी केलेला परिच्छेद विस्कटलेला निघतो. मूळ मजकुराची फाईल म्हणूनच जपायची असते, आणि कर्व्ह केलेली प्रत तिच्या जागी ठेवायची नसते.

नागपुरात हा विषय देवनागरीपाशी संपत नाही. हे शहर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा, डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा-संस्कृतीवरचं आपलं बरंचसं लेखन याच शहरात राहून केलं. आणि सालेकशाजवळच्या कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या फलकांवर आता देवनागरीच्या जोडीनं गोंडी लिपी हवी असते. गोंडीच्या दोन लिप्या युनिकोडमध्ये आहेत. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली मसराम गोंडी २०१७ साली आली. यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली गुंजाळा गोंडी २०१८ साली. छपाईला देण्याआधी कोणती लिपी हवी ते आयोजकांना विचारून घ्या; दोन्ही परस्परांहून अगदी वेगळ्या आहेत.

मसराम गोंडीत देवनागरीसारखी डावीकडे उडी मारणारी वेलांटी नाही, म्हणजे एक डोकेदुखी कमी. पण दुसऱ्या दोन आहेत. देवनागरीत हलन्ताचा एकच संकेत दोन्ही कामं करतो: जोडाक्षर जमलं तर जोडतो, नाही तर पाय मोडून दाखवतो. मसराम गोंडीत ही कामं दोन वेगळ्या संकेतांना वाटून दिली आहेत. एक विराम, जो स्वतः दिसत नाही आणि फक्त जोडाक्षर घडवतो. दुसरा हलन्त, जो दिसतो आणि काहीही जोडत नाही. देवनागरीच्या सवयीनं दिसणारा हलन्त टाकला की जोडाक्षर कधीच होत नाही, आणि माणूस टंकाला दोष देतो. दुसरी गोष्ट रफाराची. इथे रफार आणि रकार यांना स्वतःचे संकेत आहेत, र आणि हलन्त मिळून ते बनत नाहीत. रफार ज्या अक्षरावर बसायचा त्याच्या आधी टंकायचा, रकार नंतर. क्ष, ज्ञ, त्र यांनाही स्वतंत्र अक्षरं आहेत. म्हणून देवनागरी मजकूर घेऊन अक्षरास अक्षर बदलून गोंडी करणाऱ्या सोयींवर विसंबू नका. 'वर्धा' आणि 'चंद्रपूर' ही दोन नावं त्यात टाकून पाहिली की ती सोय कितपत जाणती आहे ते लगेच कळतं.

कमी वापराच्या लिपीचे हे हाल गोंडीपुरतेच नाहीत; दूर आसामात आहोम लिपीलाही असंच सोसावं लागलं. तिच्यात ए ची खूण व्यंजनाच्या डावीकडे लिहितात पण साठवतात नंतर, आपल्या पहिल्या वेलांटीसारखीच. गोलापचंद्र बरुआ यांचा आहोम-असमिया-इंग्रजी कोश १९२० साली छापला गेला. संगणकावरची हक्काची जागा मात्र तिला २०१५ साली युनिकोडमध्ये मिळाली. अशा सगळ्या कमी वापराच्या लिप्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० पासून एक सामाईक जुळणीयंत्र आणलं, आणि हार्फबझमध्येही तशीच व्यवस्था आहे. गोंडीला त्याचा फायदा होतो, पण छापखान्यातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला तो मिळतोच असं नाही.

त्यामुळे गोंडी मजकुरासाठी सरळ रस्ता असा: गूगलचे नोटो सान्स मसराम गोंडी किंवा नोटो सान्स गुंजाळा गोंडी हे टंक उतरवून घ्या, मजकूर लिबर ऑफिस किंवा इंकस्केपमध्ये लावा, गोंडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा, आणि मगच कर्व्ह करून छपाईला द्या. युनिकोडमध्ये जागा मिळण्याआधीच्या पद्धतीचे, देवनागरी किंवा इंग्रजी कळांवर गोंडी चित्रं बसवलेले टंक कुणी देऊ केले तर फलकापुरतेही घेऊ नका. त्यातली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की गोंडी नाहीशी होते आणि खालची देवनागरी किंवा इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. शाळेच्या पुस्तिकेसाठी, कोशासाठी, गाण्यांच्या संग्रहासाठी मजकूर जमवणाऱ्यांनी तर हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावं: टंक कोणता, कळपाट कोणता, आणि मूळ युनिकोड फाईल कुणाकडे राहणार.